एक घर सुटलं, दुसरं मिळायचं आहे: मधल्या दिवसांत कथा कशी लिहायची

रात्री तहान लागते म्हणून तुम्ही उठता आणि अंधारात हात भिंतीवर जातो. दाराच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या जरा खाली. तिथे बटण नसतं, नुसती गार भिंत लागते. हात क्षणभर तिथेच चाचपत राहतो आणि मग उमगतं की हे ते घर नाही. ते बटण आता दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली आहे.

एवढ्याशा क्षणात कथेचं बी असतं, हे कळायला मला बरेच महिने लागले. माझं एक घर सुटलं होतं आणि दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मधले अकरा महिने मी तीन ठिकाणी काढले, अगदी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे. त्यातले पहिले चार महिने मी एक ओळही लिहिली नाही. घर मिळू दे, टेबल लागू दे, मग बसू निवांत, असं रोज मनाशी घोकत होते. ते चार महिने वाया गेले याची मला आजही हळहळ वाटते. घर लागल्यावर निवांतपणा मिळतो हे खरं. पण बेघरपणाच्या त्या फटीतून जे दिसत असतं ते घर लागलं की महिन्याभरात दिसेनासं होतं. म्हणून ज्यांनी याआधी कधी कथा लिहिलेली नाही आणि ज्यांचं सामान सध्या खोक्यांत बांधलेलं आहे, अशांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आज रात्री कुठे झोपायचं, तिथे आपण सुरक्षित असू की नाही, हाच प्रश्न तुमच्यासमोर असेल तर लिहिण्याचं ओझं डोक्यावर घेऊ नका. आधी छप्पर, आधी झोप. कथा थांबते.

१. लिखाण सामानात टाकू नका, अंगावर ठेवा

ही पायरी रुक्ष आहे, पण हिच्याशिवाय पुढचं सगळं फुकट. बिऱ्हाड हलवताना वह्या हमखास हरवतात. कुठल्या खोक्यात टाकली ते आठवत नाही, किंवा खोकं कुणाच्या तरी माळ्यावर वर्षभर पडून राहतं.

डिसेंबर १९२२ मध्ये अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे कामासाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला होता. त्याला भेटायला निघालेली त्याची बायको हॅडली त्याचं लिखाण बॅगेत घालून नेत होती. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवर ती बॅग चोरीला गेली. मला यात सगळ्यात जास्त लागतं ते असं, की कागदांच्या कार्बन प्रतीही त्याच बॅगेत होत्या. प्रत काढलेली होती, पण मूळ कागदाशेजारीच ठेवलेली होती. कित्येक महिन्यांचं काम एका बॅगेबरोबर गेलं.

तेव्हा नियम असा: लिहिलेलं रोज रात्री मोबाइलवर फोटो काढून स्वतःलाच पाठवायचं आणि कागद अंगावरच्या पिशवीत ठेवायचे. प्रत आणि मूळ एका पिशवीत नकोत.

वहीपेक्षा मी सुटी कार्डं सुचवेन. पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची, रबरबँड लावलेली. ‘लोलिता’चा लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह कादंबऱ्या अशाच कार्डांवर लिहायचा. १९६१ पासून १९७७ मध्ये वारला तोवर तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथल्या एका हॉटेलातच राहत होता. प्रसंग हवे त्या क्रमानं लिहायचे आणि कार्डं नंतर रचायची, ही त्याची रीत. ज्याला सलग दोन तास मिळत नाहीत, टेबल नाही, मांडीवर लिहायचं आहे, त्याच्यासाठी याहून सोयीची पद्धत मला माहीत नाही. एका कार्डावर एकच गोष्ट लिहा. मागे तारीख आणि जागा टाका. बस.

२. जुनं घर हातांनी आठवा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त माल इथेच आहे.

‘माझं जुनं घर’ म्हणून लिहायला बसलात तर निबंध होतो. मोठ्या खिडक्या होत्या, हवेशीर होतं, शेजार चांगला होता. वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण ही माहिती डोक्यातून आलेली असते. डोक्याला घर आवडलं होतं की नाही एवढंच आठवतं. हाताला मात्र सगळं आठवतं. कडी लावताना दार किती वर उचलावं लागायचं, कुठली फरशी हलायची, रात्री उशिरा आलं की जिन्याची कुठली पायरी टाळायची.

असं करून पाहा. डोळे मिटून बसा. तुम्ही जुन्या घराच्या दारात उभे आहात, वीज गेली आहे, सगळे झोपलेत. दारापासून तुमच्या अंथरुणापर्यंत जा. मनातल्या मनात, पण हाताच्या प्रत्येक हालचालीसकट. कुठे हात धरला? कुठे अंग चोरलं? कुठे पाऊल जरा उचलून टाकलं? पोहोचलात की डोळे उघडा आणि दहा मिनिटांत जे जे आठवलं ते कार्डांवर उतरवा. वाक्यं सुंदर करत बसू नका.

जागेला आठवणी चिकटतात, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो यानं एक गोष्ट सांगितली आहे ग्रीक कवी सिमोनिडीसची. मेजवानी चालू असताना त्याला कुणीतरी बाहेर बोलावलं, तो बाहेर गेला आणि मागे दिवाणखान्याचं छप्पर कोसळलं. आतली माणसं ओळखू येईनात इतकी चिरडली होती. सिमोनिडीसनं कोण कुठे बसलं होतं ते आठवून एकेकाची ओळख पटवली. घराच्या खोल्यांमध्ये गोष्टी ‘ठेवून’ लक्षात ठेवण्याच्या जुन्या तंत्राचा उगम या गोष्टीत सांगतात. तुमचं सुटलेलं घर आता याच अवस्थेत आहे. भिंती तुमच्याकडे नाहीत, पण कोण कुठे बसायचं ते तुमच्याकडे आहे.

आता खरी मेख. आठवण म्हणजे अजून कथा नाही. आठवणीची कथा करायला ते घर दुसऱ्याला देऊन टाकावं लागतं.

माझ्या एका कार्डावर एवढंच होतं: ‘न्हाणीघरातला नळ. पूर्ण बंद करायचा तर आधी थोडा उलटा फिरवायचा, मग जोरात सुलटा.’ नुसती बारीकशी खोड. पण मी स्वतःला विचारलं, ही खोड कुणाला माहीत असणं अडचणीचं ठरेल? मग उत्तरं येऊ लागली. घर विकत घेतलेल्या कुटुंबाकडे एक बाई कामाच्या निमित्तानं येते. हात धुते. नळ आधी उलटा फिरवते, मग सुलटा. घरातली मुलगी दारात उभी राहून हे बघते. त्या नळाशी त्या सगळ्यांनी तीन आठवडे झगडा केलेला असतो आणि ही बाई तर म्हणाली होती की ती या भागात पहिल्यांदाच येते आहे.

बघा, आता प्रश्न तयार झाला. ती कोण? खोटं का बोलली? मुलगी विचारेल की गप्प बसेल? घर माझंच आहे, नळ माझाच आहे, पण मी त्यात कुठेच नाही. एका कार्डाला एक प्रश्न विचारायचा: *हे ज्याला माहीत असायला नको, अशा कुणाला माहीत असेल तर?* किंवा उलट: *हे ज्याला माहीत असायलाच हवं, तो विसरला असेल तर?* नवख्या लेखकाला मी एकच हत्यार द्यायचं ठरवलं तर हेच देईन.

३. खोक्यांवर काय लिहिलंय ते वाचा

खोक्यांवर माणूस मार्करनं जे लिहितो त्यात त्याचा स्वभाव उतरतो. ‘स्वयंपाकघर’, ‘पुस्तकं’, ‘थंडीचे कपडे’ हे झालं ठीक. शेवटच्या रात्री मात्र अक्षर बिघडतं, आणि ‘किरकोळ’, ‘नंतर बघू’, ‘उघडू नये’ अशी नावं पडायला लागतात. मी एका खोक्यावर ‘माहीत नाही’ असं लिहिलं होतं.

आपलं एखादं ‘नंतर बघू’ खोकं आठवा, त्यातल्या तीन वस्तू लिहा. टाकून द्यायला हव्या होत्या पण टाकवल्या नाहीत अशा. मग एक माणूस कल्पा, जो हे खोकं चुकून आपलं समजून घेऊन गेला आहे. तो काय समजेल? त्याचा अंदाज जितका चुकेल तितकी कथा चांगली. याहून जास्त इथे रेंगाळू नका. वस्तूंवर लिहिणं सोपं जातं आणि सोपं जातं म्हणून माणूस तिथेच अडकतो. वस्तूंची वर्णनं खूप झाली आणि अजून कुणी कुणाला काही मागितलेलं नाही, असं दिसलं तर समजा कथा सुरूच झालेली नाही.

४. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर

मागण्यावरून आठवलं, या दिवसांत बहुतेकांना कुणाच्या तरी घरी राहावं लागतं. भाऊ, मैत्रीण, लांबचे नातेवाईक. पाहुणा म्हणून आपण दोन दिवस गोड असतो. आठव्या दिवशी आपला टॉवेल कुठे वाळत घालायचा हा प्रश्न होतो. विसाव्या दिवशी आपण न्हाणीघराच्या बाहेर रांगेत सगळ्यांत शेवटी उभे राहायला आपसूक शिकलेलो असतो.

कथेला लागतो तो ताण इथे आयता मिळतो. हवं तर आहे पण मागता येत नाही. मोठं दुःख शोधायला जाऊ नका. दुसऱ्या पांघरुणाचंच उदाहरण घ्या. रात्री थंडी वाजते, पांघरुण कपाटात आहे हे माहीत आहे, कपाट यजमानांच्या खोलीत आहे. एवढ्यावर चार पानं होतात.

संवाद लिहायला शिकायचं असेल तर यासारखी शाळा नाही, कारण अशा घरांत कुणी मनातलं थेट बोलत नाही. उदाहरणार्थ:

“झोप लागली का रात्री?”

“हो, छान लागली.”

“नाही, दिवा दिसला दोनला म्हणून विचारलं.”

“पाणी प्यायला उठले होते.”

“अगं मग उशाशी तांब्या ठेवत जा ना. आम्हाला काही नाही, यांना जाग येते एवढंच.”

यात कुणी कुणाला जा म्हणालेलं नाही. तरी पुढच्या रात्री ती बाई तहान लागली तर उठणार नाही, हे वाचणाऱ्याला कळलं. संवाद लिहून झाला की एक तपासणी करा: पात्रानं जे म्हणायचं होतं ते शब्द संवादात आले आहेत का? आले असतील तर खोडा आणि त्याच्या जवळून जाणारी दुसरी गोष्ट त्याला बोलायला लावा.

आता जबाबदारीचं. ज्यांनी तुम्हाला आसरा दिला त्यांच्या घरातल्या गोष्टी तुमच्या कानांवर पडणारच. कुणाचं भांडण, कुणाचं आजारपण, कुणाचं कर्ज. ते जसंच्या तसं कथेत उतरवणं हा विश्वासघात आहे, आणि नावं बदलून तो झाकला जात नाही. मी एक मर्यादा पाळते. ताण उचलायचा, माणूस उचलायचा नाही. दोन वाजता दिसलेल्या दिव्यामुळे आलेला अवघडलेपणा माझा स्वतःचा आहे, तो मी वापरू शकते. यजमानांचं कर्ज माझं नाही. नातं बदला, वय बदला, घराची ठेवण बदला, आणि तरीही वाचताना त्यांना आपण ओळखू येऊ असं वाटलं, तर ती कथा पेटीत ठेवा. जगात विषय कमी नाहीत.

५. घरं बघायला जाता, तेव्हा लेखकाचे डोळेही उघडे ठेवा

घर शोधणारा माणूस महिन्याभरात जितक्या अनोळखी खोल्यांत शिरतो तितक्या एरवी वर्षानुवर्षांत शिरत नाही. तेही कपाटं उघडून बघायच्या परवानगीसकट! लेखकाला असा परवाना दुसऱ्या कुठल्या कामात मिळेल असं मला वाटत नाही.

रिकाम्या घरात आधीचं बिऱ्हाड राहून गेल्याच्या खुणा असतात. खिळ्यांची भोकं, पंख्याखालचा फिकट गोल, खिडकी वाऱ्यानं खडखडू नये म्हणून चौकटीत खुपसलेली कागदाची घडी. मी एका घरात झोपायच्या खोलीला कडी बघितली. कडी बाहेरून होती. आतून काहीच नव्हतं. घर दाखवणारे गृहस्थ उजेड कुठून येतो ते सांगत होते आणि मला त्या कडीखेरीज काही दिसत नव्हतं. कडीच्या आजूबाजूचा रंग खरवडलेला होता, म्हणजे ती शोभेची नव्हती, रोजच्या वापरातली होती.

अशी खूण सापडली की बाहेर पडल्या पडल्या कार्डावर लिहा आणि खाली तिची कारणं लिहा. पहिलं कारण सगळ्यांना सुचतं: कुणाला तरी आत कोंडत असतील. ते बाजूला ठेवा. दुसरं कारण: आत काही मौल्यवान असेल. हेही ठीकच. तिसऱ्या कारणाशी मेंदूला खरं काम करावं लागतं. मला तिसऱ्यांदा सुचलं ते असं, की झोपेत चालणाऱ्या एका माणसानं ती कडी स्वतःच बसवून घेतली होती आणि रोज रात्री ती बाहेरून घालायचं काम त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाकडे होतं. पहिल्या कारणात एक दुष्ट माणूस होता. तिसऱ्यात एक मूल आहे, ज्याच्या हातात बापाची रात्र आहे. मी कधीही तिसऱ्याच कारणामागे जाईन.

घरमालकांना किंवा मध्यस्थांना उगाच खोदून विचारू नका. खरं उत्तर मिळालं की कल्पना थांबते. शिवाय ती माहिती आधीच्या राहणाऱ्यांची असते, आपली नव्हे.

६. जागा ठरलेली नसेल तर खूण ठरवा

रोज एकाच जागी बसून लिहा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तुमच्याकडे जागाच नाही. मग जागेऐवजी एखादी अशी खूण धरा जी पिशवीतून सगळीकडे येते. एकच पेन, जे दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. किंवा एक रुमाल, जो मांडीवर पसरला की लिहायचं आणि घडी केली की थांबायचं. मी रुमाल वापरला. दहा-बारा दिवसांत तो पसरला की मन लागायला लागलं, मग समोर बसस्थानकाचा बाक असो की दुसऱ्याच्या घराचा जिना.

वेळ पंधरा मिनिटं ठेवा. जास्त मिळाली तरी पंधराच. या दिवसांत डोक्यात सतत हिशेब चालू असतो. भाडं, अनामत रक्कम, सामान कुठे ठेवलंय, पत्रं कुठल्या पत्त्यावर येतील. अशा डोक्याकडून दोन तास मागितले तर ते शून्य देतं. पंधरा मागितले तर बहुधा देतं.

उठताना पुढचं वाक्य काय असणार ते माहीत असताना उठा आणि त्यातले दोन-तीन शब्द कार्डाच्या तळाशी लिहून ठेवा. उद्याची जागा वेगळी असेल, आवाज वेगळे असतील. ते दोन शब्द तुम्हाला हाताला धरून आत नेतात.

७. काहीच सुचत नसेल तर

तेही होतं, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनचं उदाहरण मला या बाबतीत फार धीर देतं. १८०१ मध्ये तिच्या आईवडिलांनी स्टीव्हनटन या गावातलं राहतं घर सोडलं आणि कुटुंब बाथ शहरात गेलं. १८०५ मध्ये वडील वारले. मग भाड्याच्या जागा, नातेवाइकांकडचे मुक्काम, नंतर साउथॅम्प्टनला भावाच्या बिऱ्हाडात राहणं. १८०९ मध्ये चॉटन या खेड्यात स्थिर घर मिळेपर्यंत आठ वर्षं गेली. त्या काळात तिनं एक नवी कादंबरी सुरू केली आणि अर्ध्यात सोडली. नवी अशी एकही पूर्ण झाली नाही. चॉटनला आल्यावर मात्र १८११ ते १८१५ या काळात तिची चार पुस्तकं प्रसिद्ध झाली. त्यांतल्या काहींचे खर्डे तिच्याकडे स्टीव्हनटनपासून होते, आणि इतक्या हलवाहलवीत ते तिनं सांभाळून ठेवले होते.

म्हणून सुचत नसेल त्या दिवशी कथा लिहू नका, नुसता साठा करा. दिवसाला एक कार्ड. ऐकलेला एक आवाज, नाकात भरलेला एक वास, जिन्यात कुणीतरी म्हटलेलं एक वाक्य. तेवढं पुरेसं आहे, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाही. माझ्या त्या दिवसांतल्या कार्डांमधून मी आजही उचल घेते.

घर रागात सुटलं असेल, भांडणातून, घटस्फोटातून, कुणी बाहेर काढल्यामुळे, तर आणखी एक सांगायला हवं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे ज्यानं सोसलंय त्याला लिहायला बसल्यावर पहिल्यांदा फिर्यादच सुचते. ती लिहून टाका, सगळी, अगदी शिव्यांसकट. पण ती कार्डं वेगळ्या रबरबँडमध्ये ठेवा, त्यांना कथा समजू नका. काही महिन्यांनी, जमलं तर, तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या बाजूनं लिहून बघा. ज्यानं किल्ली मागून घेतली त्याच्या हातात ती किल्ली आल्यावर त्यानं ती कुठे ठेवली? खिशात, खिळ्यावर, की टेबलावर उगाच वाजवत बसला? हे लिहिता आलं तर फिर्यादीची कथा झाली. नाही आलं तर राहू द्या. काही जखमा लिखाणाच्या कामाच्या नसतात आणि त्यांच्यावर ती सक्ती करू नये.

८. दोन कार्डं एकमेकांवर ठेवा

पन्नासेक कार्डं झाली की जोडणी सुरू करा. कार्डं पत्त्यांसारखी पिसा आणि कुठलीही दोन काढा. तीन नको, तिसरं आलं की नवखा लेखक कारस्थानं रचायला लागतो.

माझ्याकडे एकदा ‘बाहेरून कडी’ आणि ‘किती दिवस आहेस?’ ही दोन निघाली. दुसऱ्या कार्डावर एवढाच प्रश्न होता, मला एकदा विचारला गेलेला, अतिशय प्रेमानं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं: एक बाई भावाकडे राहते आहे. रविवारपर्यंत घर ठरवते असं तिनं त्याला सांगून ठेवलंय. शनिवारी संध्याकाळी शेवटचं घर बघते. सगळं ठीक आहे, भाडं परवडतंय, पाणी आहे. आणि खोलीला बाहेरून कडी आहे. विचारावं, तर कदाचित असं काही ऐकू येईल की घर नाकारावं लागेल. न विचारता हो म्हणावं, तर रोज रात्री ती कडी डोळ्यांसमोर.

सुरुवात अशी केली होती:

‘तिनं कडीला हात लावला नाही. हात लावला असता तर गृहस्थांनी वळून बघितलं असतं, आणि वळून बघितलं असतं तर तिला विचारावं लागलं असतं. ती खिडकीकडे गेली. “पश्चिम का ही?” तिनं विचारलं.’

यात पहिल्या कार्डानं वस्तू दिली, दुसऱ्यानं मुदत दिली. जोडी जमते की नाही ते असंच तपासा: एका कार्डात *काय* आहे आणि दुसऱ्यात *कधीपर्यंत* आहे, असं होतंय का? दोन्हींत नुसतं ‘काय’ असेल तर दुसरी जोडी काढा. पहिली कथा सहा-सात पानांपेक्षा मोठी करू नका. कादंबरीचा विचार मनात आला तर तो एका कार्डावर लिहून ठेवा आणि पुन्हा सहा पानांकडे या.

९. नव्या घरात शिरताना

एक दिवस किल्ली हातात येते. त्या दिवशी दमलेले असाल, आनंदात असाल, तरी दोन कामं करा.

पहिलं, पहिल्या रात्री झोपायच्या आधी घराचे आवाज लिहून काढा. कुठून पाणी वाहतं, वरच्या मजल्यावर कोण चालतं, दार लोटलं की चौकट काय बोलते. आठवड्याभरात कान हे सगळं गाळून टाकतील आणि मग कितीही प्रयत्न केलात तरी ते ऐकू येणार नाही.

दुसरं, सामान यायच्या आधी जमिनीवर बसा. रिकामी खोली म्हणजे लेखकाला मिळणारं सगळ्यात मोठं टेबल, आणि ते फक्त काही तास तुमचं असतं. सगळी कार्डं सुटी करून मांडा, ओळीनं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. उभं राहून बघा. कुठली कार्डं एकमेकांकडे सरकू पाहतायत ते वरून दिसतं. त्यांना जवळ आणा, मागे पेन्सिलीनं आकडे घाला, एकेका कथेची चळत वेगळी बांधा आणि अंगावरच्या पिशवीत परत टाका. मग खोकी आत घ्या.